संदेशांचा अडत्या : ‘रॅबिटएमक्यू’ची तोंडओळख

वर्धा शहरापासून सुमारे आठ किलोमीटरवर असलेल्या सेगाव या खेड्यात महात्मा गांधी 1936 च्या एप्रिलमध्ये राहावयास आले, तेव्हा तेथे ना धड रस्ता होता, ना टपाल कचेरी. त्यांच्या पाठोपाठ मात्र देशभरातून पत्रांचा ओघ सुरू झाला आणि एक वेगळीच अडचण उभी राहिली. वर्ध्याच्याच नागपूर-भुसावळ लोहमार्गावर बुलडाणा जिल्ह्यातील शेगाव आहे. नावांतील साधर्म्यामुळे सेगावचे टपाल शेगावला जाऊ लागले. हा घोळ टाळण्यासाठी 1940 मध्ये गावाचे नाव बदलून ‘सेवाग्राम’ करण्यात आले. पत्र लिहिणाऱ्याची चूक नव्हती आणि पोहोचवणाराही कामचुकार नव्हता; पत्ता तेवढा संदिग्ध होता.

संगणकाच्या जगात आज टपाल कचेरीचे हे काम ‘मेसेज ब्रोकर’ या नावाने ओळखली जाणारी सॉफ्टवेअर करतात. एका प्रणालीने सोडलेला संदेश स्वीकारायचा, तो सांभाळून ठेवायचा आणि ज्याच्यासाठी तो आहे त्या दुसऱ्या प्रणालीच्या हाती द्यायचा, एवढेच त्यांचे काम. ‘रॅबिटएमक्यू’ हा त्यांतील एक प्रसिद्ध मुक्तस्रोत, म्हणजेच ओपन सोर्स, ब्रोकर. तो विनामूल्य उतरवून घेता येतो आणि साध्या संगणकावरही चालतो. शिवाय पहिला संदेश पाठवण्यास अर्धा तासही पुरतो. कोणताही संदेश न हरवता पाठवणे मात्र तितके सोपे नाही. नवख्या अभियंत्याची गाडी अडते ती तेथेच.

काट्यावरचा खोळंबा

ब्रोकर हवाच कशाला, या प्रश्नाचे उत्तर हिंगणघाटसारख्या मोठ्या कापूस बाजारात चटकन सापडते. समजा, बाजार समितीसाठी एक संगणक प्रणाली तयार केली आहे. कापसाची गाडी काट्यावर येते, वजन होते, काटापट्टी निघते. त्याच क्षणी हे वजन हिशेब विभागाला कळवायचे आहे, शेतकऱ्याच्या मोबाइलवर एसएमएस धाडायचा आहे आणि जिनिंगच्या नोंदवहीतही आवक चढवायची आहे. वजनाच्या प्रणालीने ही तिन्ही कामे स्वतः एकामागून एक करायची ठरवली, तर एसएमएस पुरवणाऱ्या कंपनीचा सर्व्हर मंदावताच काटाही थांबतो. बाहेर गाड्यांची रांग वाढत जाते आणि एका क्षुल्लक कामासाठी अख्खे यार्ड खोळंबते.

ब्रोकर मध्ये आला की वजनाची प्रणाली फक्त ‘अमुक गाडी, अमुक वजन’ असा संदेश त्याच्याकडे टाकते आणि पुढच्या गाडीकडे वळते. हिशेब विभाग, एसएमएस आणि जिनिंगची नोंद या तिघांच्या स्वतंत्र रांगा असतात. ज्याला जेव्हा सवड होईल, तेव्हा तो आपल्या रांगेतील संदेश उचलतो. एसएमएसची सेवा तासभर बंद पडली तरी तिचे संदेश रांगेत थांबून राहतात. काटा चालूच राहतो. कापसाचा व्यवहार तर हंगामी आहे. 2025-26 च्या हंगामापासून सीसीआयने हमीभावाच्या खरेदीसाठी ‘कपास किसान’ या मोबाइल ॲपवरील नोंदणी सुरू केली. वर्षातील बराच काळ शांत आणि काही आठवडे अतोनात गर्दी, असा भार असलेल्या व्यवस्थांना तर मध्ये अशी रांग असणे विशेष उपयोगाचे ठरते.

‘ब्रोकर’ला मराठीत दलाल म्हणावे, तर विदर्भातील शेतकऱ्याच्या कपाळावर आठी उमटेल. ‘अडत्या’ हा शब्द त्यातल्या त्यात जवळचा. हा अडत्या मालाचा भाव करत नाही आणि अडतही घेत नाही. माल कोणाकडे जायचा एवढेच तो पाहतो.

वॉल स्ट्रीटपासून मुक्तस्रोतापर्यंत

ही कल्पना लोकप्रिय करण्यात एका मराठी नावाचा मोठा वाटा आहे. मुंबईत जन्मलेले आणि अमेरिकेतील एमआयटीमध्ये शिकलेले विवेक रणदिवे यांनी 1980 च्या दशकात टेकनेक्रॉन सॉफ्टवेअर सिस्टिम्स ही कंपनी काढली. संगणकातील निरनिराळे भाग ज्याप्रमाणे ‘बस’ नावाच्या एका सामाईक मार्गावर जोडलेले असतात, त्याचप्रमाणे निरनिराळ्या प्रणालीही का जोडू नयेत, हा त्यांचा प्रश्न होता. त्यातून साकारलेली ‘इन्फर्मेशन बस’ न्यूयॉर्कच्या शेअर व्यवहारांच्या दालनांत पोहोचली. 1994 मध्ये रॉयटर्सने ती कंपनी विकत घेतली, तर 1997 मध्ये ‘टिब्को’ या नावाने पुढचा अध्याय सुरू झाला.

ही उत्पादने उत्तम असली तरी महाग होती, आणि एका कंपनीचे सॉफ्टवेअर दुसरीच्या सॉफ्टवेअरशी बोलत नसे. बँकांना याचा जाच सर्वाधिक. म्हणूनच 2003 मध्ये जेपी मॉर्गन चेस या बँकेतील जॉन ओहारा यांनी सर्वांसाठी खुल्या असलेल्या एका नियमावलीवर काम सुरू केले. हीच ‘एएमक्यूपी’. या नियमावलीप्रमाणे चालणारा रॅबिटएमक्यू 2007 मध्ये लंडनमध्ये जन्मास आला. तो ‘अरलँग’ या भाषेत लिहिलेला आहे. एरिक्सन कंपनीने टेलिफोन एक्स्चेंजसाठी घडवलेली ही भाषा. एकाच वेळी हजारो संभाषणे सांभाळायची आणि त्यांतील एक तुटले तरी बाकीच्यांना धक्का लागू द्यायचा नाही, हे तिचे वळण ब्रोकरच्या कामाला साजेसेच होते.

मालकी मात्र अनेकदा बदलली. 2010 मध्ये रॅबिटएमक्यू व्हीएमवेअरच्या छत्राखालील स्प्रिंगसोर्सकडे गेला, 2013 मध्ये पिव्होटलकडे, पुढे पुन्हा व्हीएमवेअरकडे, आणि नोव्हेंबर 2023 मध्ये व्हीएमवेअरच ब्रॉडकॉमने घेतल्याने आता तो त्यांच्याकडे आहे. मूळ कार्यक्रम मोझिला सार्वजनिक परवान्याखाली खुला असल्यामुळे वापरणाऱ्यास या उलाढालींची झळ फारशी लागली नाही. फुकट वापरणाऱ्यांसाठी जुन्या आवृत्त्यांची डागडुजी लवकर थांबते, हे मात्र ध्यानात ठेवावे लागते. 2024 च्या सप्टेंबरमध्ये चौथी मुख्य आवृत्ती आली. नव्याने शिकणाऱ्याने तिच्यापासूनच सुरुवात करावी.

पहिला संदेश

उबुंटूसारख्या लिनक्सवर रॅबिटएमक्यू नेहमीच्या पॅकेज पद्धतीने बसवता येतो. विंडोजवर आधी अरलँग बसवावी लागते, आणि तिची आवृत्ती रॅबिटएमक्यूच्या आवृत्तीशी जुळणारी आहे की नाही, हे अधिकृत तक्त्यावरून पडताळावे लागते. नवशिक्यांचा पहिला तास अनेकदा या न जुळणाऱ्या जोडीतच जातो. ज्यांच्याकडे ‘डॉकर’ आहे, त्यांना ही कटकट नाही. व्यवस्थापनाच्या पानासह तयार असलेली प्रतिमा एका आज्ञेत उतरते.

चालू झालेला ब्रोकर 5672 या क्रमांकाच्या पोर्टवर संदेश स्वीकारतो. 15672 या पोर्टवर ब्राउझरमधून उघडणारे व्यवस्थापनाचे पान आहे. त्यासाठीची पुरवणी आधी सुरू करावी लागते. त्यावर रांगा, त्यांतील संदेशांची संख्या, जोडलेल्या प्रणाली हे सारे आकड्यांत व आलेखात दिसते. आत जाण्यासाठी ‘गेस्ट’ हे नाव आणि ‘गेस्ट’ हाच परवलीचा शब्द. हे खाते त्याच संगणकावरून चालते, दुसऱ्या संगणकावरून नाही. बाहेरून प्रवेश मिळत नाही म्हणून हे बंधनच काढून टाकण्याचा सल्ला पुष्कळ ठिकाणी दिला जातो. तो धोक्याचा आहे. नवे खाते, नवा परवलीचा शब्द आणि मोजके अधिकार देणे हाच योग्य मार्ग.

प्रत्यक्ष कार्यक्रम पायथॉन, जावा, पीएचपी, सी-शार्प अशा कोणत्याही परिचित भाषेत लिहिता येतो. पायथॉनसाठी ‘पिका’ हे ग्रंथालय वापरतात. ब्रोकरशी जोडणी करायची, तिच्यात एक ‘चॅनेल’ उघडायचा, रांग जाहीर करायची आणि संदेश टाकायचा, अशा जेमतेम दहा ओळी होतात. दुसऱ्या खिडकीत संदेश उचलणारा कार्यक्रम चालवला की पाठवलेले शब्द तेथे उमटतात.

येथे एक बारकावा आहे. पाठवणारा संदेश थेट रांगेत टाकत नाही. तो ‘एक्स्चेंज’कडे देतो आणि सोबत ‘राउटिंग की’, म्हणजे पत्ता, लिहितो. एक्स्चेंज हे टपाल कचेरीतील वर्गीकरणाचे टेबल. कोणत्या पत्त्याचा संदेश कोणत्या रांगेत टाकायचा, याचे नियम त्याला आधी बांधून दिलेले असतात. पत्ता तंतोतंत जुळला तरच टाकणारे, पत्ता न पाहता सर्वांना एकेक प्रत वाटणारे आणि नमुन्यानुसार पत्ता ताडून पाहणारे, हे त्याचे मुख्य प्रकार. वरच्या उदाहरणात वजनाचा एकच संदेश तीन रांगांत जायचा आहे, तेथे दुसरा प्रकार चपखल बसतो.

आठपैकी तीन तालुके

पत्ता कोणत्याही रांगेशी जुळला नाही तर काय होते? संदेश परत येत नाही, कोठे साठवलाही जात नाही आणि पाठवणाऱ्यास चूकही दाखवली जात नाही. तो गुपचूप फेकून दिला जातो. सेगावचे पत्र निदान शेगावच्या कचेरीत तरी पोहोचत होते.

वर्धा जिल्ह्यासाठी प्रणाली लिहिणाऱ्याला हा धोका हातभर जवळ आहे. जिल्ह्यात आठ तालुके. त्यांतील सेलूचा नामबंधू परभणी जिल्ह्यात आहे, आष्टीचा बीडमध्ये, आणि कारंजाचा वाशिममध्ये. बोलताना ‘कारंजा घाडगे’ आणि ‘कारंजा लाड’ असा भेद केला जातो. पण संगणकावर घाईत टंकलेल्या यादीत तो टिकेलच असे नाही. जिल्ह्यापुरती चाललेली प्रणाली उद्या राज्यभर नेली, की एका सेलूचा चुकारा दुसऱ्या सेलूच्या रांगेत जाऊन बसेल.

देवनागरीत पत्ता लिहिला तर आणखी एक फसवणूक संभवते. ‘आर्वी’तील ‘आ’ हे एक स्वतंत्र अक्षर आहे. काही जण ‘अ’ टंकून त्याला काना जोडतात. बहुतेक टंकांत डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला मात्र ते दोन निराळे शब्द वाटतात. रांग एका ‘आर्वी’ची आणि संदेश दुसऱ्या ‘आर्वी’चा, असे झाले की संदेश गेलाच. शिवाय पत्त्याची कमाल लांबी 255 बाइट आहे. प्रचलित यूटीएफ-8 पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते आणि काना, वेलांटी, अनुस्वार ही सारी वेगळी चिन्हे मोजली जातात. म्हणजे रोमन लिपीतील 255 अक्षरांऐवजी येथे 85 चिन्हांतच मर्यादा संपते.

टपाल खात्याने या प्रश्नावर जो तोडगा काढला, तोच येथेही लागू पडतो. सारखी नावे, वेगवेगळ्या भाषा आणि चुकीची स्पेलिंगे यांना कंटाळून 15 ऑगस्ट 1972 पासून देशात पिनकोड लागू झाला. तो आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे खात्यातील ज्येष्ठ अधिकारी. संस्कृत कवी म्हणूनही त्यांची ख्याती होती. सेवाग्रामचा पिन 442102, शेगावचा 444203. पहिला अंक देशाचा विभाग सांगतो, दुसरा उपविभाग, तिसरा वर्गीकरणाचा जिल्हा आणि शेवटचे तीन अंक टपाल कचेरी. रॅबिटएमक्यूच्या नमुना जुळवणाऱ्या एक्स्चेंजमध्येही पत्ता असाच मोठ्याकडून लहानाकडे, टिंबांनी तोडून लिहितात. तारका हे चिन्ह कोणत्याही एका शब्दासाठी आणि हॅश हे चिन्ह कितीही शब्दांसाठी चालते. त्यामुळे ‘जिल्ह्यातील सारे संदेश’ किंवा ‘फक्त एका तालुक्याचे वजनाचे संदेश’ अशा दोन्ही मागण्या एकाच व्यवस्थेत पुऱ्या होतात. पत्त्यात मात्र नावांऐवजी सांकेतिक अंक घ्यावेत. केंद्र सरकारच्या ‘लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरी’त प्रत्येक जिल्हा, तालुका व गाव यांना स्वतंत्र अंक दिलेला आहे. तो आयता वापरता येतो.

याखेरीज, संदेश पाठवताना ‘मँडेटरी’ ही खूण लावली की न जुळलेला संदेश पाठवणाऱ्याकडे परत येतो. किंवा एक्स्चेंजला एक पर्यायी एक्स्चेंज जोडून द्यावे; बेवारस संदेश तेथे जमा होतात.

पोचपावतीचे तीन टप्पे

पत्ता बरोबर असला तरी काम संपत नाही. ब्रोकर चालणारा संगणक अचानक बंद पडला तर रांगेतील संदेशांचे काय? साधी रांग ‘ड्युरेबल’, म्हणजे टिकाऊ, म्हणून जाहीर केलेली नसेल, तर ब्रोकर पुन्हा सुरू झाल्यावर ती रांगच नाहीशी झालेली असते. रांग टिकाऊ असूनही संदेश ‘पर्सिस्टंट’ म्हणून पाठवला नसेल, तर रांग उरते आणि आतले संदेश जातात. दोन्ही खुणा लागतात. आधी बिनटिकाऊ बनवलेली रांग नंतर त्याच नावाने टिकाऊ म्हणून जाहीर करता येत नाही; ब्रोकर चूक दाखवून चॅनेल बंद करतो. जुनी रांग काढून टाकावी लागते किंवा नवे नाव घ्यावे लागते.

दुसरा टप्पा पाठवणाऱ्याच्या बाजूचा. संदेश ब्रोकरच्या हाती नीट पडला, याची पावती मागण्याची सोय ‘पब्लिशर कन्फर्म’ या नावाने आहे. ती मागितल्याशिवाय मिळत नाही. आणि ती मिळाली तरी फसगत होऊ शकते. ज्या संदेशाला कोणतीच रांग सापडली नाही, त्याचीही पावती ब्रोकर देतो. कारण त्याच्या दृष्टीने त्याने आपले काम पुरे केलेले असते. म्हणूनच पावती आणि ‘मँडेटरी’ ही खूण यांची जोडी फोडू नये.

तिसरा टप्पा घेणाऱ्याच्या बाजूचा, आणि सर्वांत महत्त्वाचा. टपालात रजिस्टर पत्रासोबत सही घेऊन परतणारी पोचपावती जुन्या पिढीस परिचित आहे. रजिस्टर टपाल ही स्वतंत्र सेवा 2025 मध्ये स्पीड पोस्टमध्ये विलीन झाली. रॅबिटएमक्यूमध्ये घेणाऱ्याने अशी पोच, ‘ॲक्नॉलेजमेंट’, दिली तरच संदेश रांगेतून काढला जातो. पोच देण्याआधीच घेणाऱ्याची जोडणी तुटली, तर तोच संदेश दुसऱ्या कोणास दिला जातो. मात्र ‘स्वयंचलित पोच’ असाही एक पर्याय आहे, आणि सोपेपणासाठी अधिकृत पाठांतील पहिल्या धड्यात तोच वापरलेला आहे. त्यात संदेश हातातून सुटताच तो पोहोचला असे मानले जाते. हिशेबाची प्रणाली संदेश वाचून, नोंद करण्यापूर्वीच कोसळली, तर शेतकऱ्याच्या चुकाऱ्याची ती नोंद कोठेच उरत नाही. पहिल्या धड्यातील ओळी जशाच्या तशा खऱ्या कामात उतरवल्यामुळे होणारे नुकसान ते हेच. काम पुरे झाल्यावर, नोंद डेटाबेसमध्ये पक्की झाल्यानंतरच पोच द्यावी. पोच देण्यास अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागला तर ब्रोकर चॅनेल बंद करतो, हेही दीर्घ कामे करणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.

या सावधगिरीची किंमतही आहे. नोंद पक्की झाली, पण पोच देण्याच्या क्षणी वीज गेली, तर तोच संदेश पुन्हा येणार. म्हणजे संदेश हरवणार नाही, पण दोनदा येऊ शकेल. चुकारा दोनदा जमा होणे हेही संकटच. ते टाळण्याचे काम ब्रोकर करत नाही, प्रणाली लिहिणाऱ्यास करावे लागते. प्रत्येक काटापट्टीचा क्रमांक संदेशात घालावा आणि तो क्रमांक आधीच नोंदलेला असेल तर काही न करता पोच द्यावी.

काम वाटून घेणारे अनेक असतील तर ‘प्रीफेच’ ही मर्यादा घालणे आवश्यक. ती नसेल तर आधी जोडला गेलेला कार्यक्रम साऱ्या संदेशांचा ढीग आपल्याकडे ओढतो. एकाच हमालाच्या पाठीवर सगळी पोती आणि बाकीचे बसून. वारंवार अपयशी ठरणाऱ्या संदेशांसाठी ‘डेड लेटर’ रांग ठेवतात. हे नावदेखील टपालाच्या मृतपत्र कार्यालयाची आठवण करून देणारेच.

एका संगणकावर विसंबायचे नसेल तर तीन संगणकांचा संच करून ‘कोरम’ प्रकारच्या रांगा वापराव्यात. 2019 मध्ये आलेल्या या रांगांत संदेशाच्या प्रती एकाहून अधिक संगणकांवर असतात, त्या नेहमीच डिस्कवर लिहिल्या जातात, आणि तिघांपैकी एक बंद पडला तरी काम थांबत नाही. जुन्या लेखांतून शिफारस केलेल्या ‘मिरर’ रांगा चौथ्या आवृत्तीत काढून टाकण्यात आल्या आहेत. त्यांच्यामागे वेळ दवडू नये.

अडत्या की रोजकीर्द?

रॅबिटएमक्यू शिकताना ‘काफ्का’चे नाव कानांवर पडतेच. पुण्यात वाढलेल्या आणि तेथील पीआयसीटी या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेल्या नेहा नारखेडे या त्याच्या निर्मात्यांपैकी एक. जे क्रेप्स आणि जुन राव यांच्यासह त्यांनी लिंक्डइनमध्ये तो घडवला, आणि 2011 मध्ये तो खुला झाला. दोघांत मूलभूत फरक आहे. रॅबिटएमक्यूच्या नेहमीच्या रांगेतून संदेश पोच मिळताच निघून जातो. काफ्का मात्र पेढीवरील रोजकीर्दीसारखा आहे. नोंद एकामागून एक लिहिली जाते, वाचल्याने ती पुसली जात नाही, आणि नवा वाचक ठरलेल्या मुदतीत मागील पानेही उलटू शकतो. प्रचंड माहितीचा अखंड ओघ आणि नंतरचे विश्लेषण यांसाठी काफ्का उजवा. नेमके काम नेमक्या हाती सोपवायचे आणि ते झाले की नाही याची खातरजमा करायची, तर रॅबिटएमक्यू पुरेसा आहे आणि सांभाळण्यास हलकाही. शेतातील हवामान यंत्रांसारख्या लहान उपकरणांची भाषा ‘एमक्यूटीटी’; ती 1999 मध्ये तेलवाहिन्यांवर उपग्रहामार्फत लक्ष ठेवण्यासाठी घडवण्यात आली. पुरवणी सुरू केल्यास रॅबिटएमक्यू तीही समजतो, त्यासाठी दुसरा ब्रोकर उभारण्याची गरज नाही.

शिकणाऱ्याने एक प्रयोग मात्र पहिल्याच दिवशी करून पाहावा. रांगेत शंभर क्रमांकित संदेश टाकावेत, घेणारा कार्यक्रम चालू असताना मध्येच बंद करावा, मग ब्रोकरही बंद करून पुन्हा सुरू करावा आणि व्यवस्थापनाच्या पानावर उरलेले संदेश मोजावेत. उरलेले आणि नोंदवले गेलेले मिळून शंभराहून कमी भरले, तर तीन टप्प्यांपैकी एक सुटला आहे.